बारा किलोमीटर आणि वीतभर

मराठी माणसाची तोफेशी पहिली ओळख किल्ल्यावर होते. जंजिऱ्याची कलालबांगडी असो की विजापूरची मुलुख मैदान, तोफ म्हणजे एक जाडजूड नळी, जिच्यावर लहान मुलांना बसवून फोटो काढायचा. तिला नट नसतो, बोल्ट नसतो, स्प्रिंग नसते, दुर्बीण तर नसतेच. १५४९ साली अहमदनगरात ओतलेल्या मुलुख मैदान तोफेच्या तोंडाशी हत्तीला दाढेत धरलेला सिंह आहे. तेवढी कलाकुसर सोडली तर बाकीचा मामला एका ओतकामात आटोपलेला. त्यामुळे मी सध्या एक तोफ जोडतोय असं कुणाला सांगितलं की, "त्यात जोडायचं काय असतं?" हा प्रश्न येतो. प्रश्न रास्तच आहे. उत्तर मात्र डोळ्याला भिंग लावल्याशिवाय दाखवता येत नाही.

माझ्या टेबलावर आहे ती ब्रिटिशांची २५-पौंडी. हिचं नाव गोळ्याच्या वजनावरून पडलेलं. नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर, पल्ला बारा किलोमीटरहून किंचित जास्त आणि दिमतीला सहा माणसं. १९४० साली ती सैन्यात दाखल झाली. २३ ऑक्टोबर १९४२च्या रात्री अल अलामीनच्या वाळवंटात शेकडो तोफा एकदम धडाडल्या, त्यांत सर्वांत मोठा भरणा हिचाच होता. भारतीय तोफखान्याने तिला आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात वापरलं, स्वातंत्र्यानंतरही सोडलं नाही. १९६५ आणि १९७१च्या युद्धांतही ती होती. तिच्या पोटाखाली एक मोठं लोखंडी चक्र टांगलेलं असतं. मुक्कामावर पोचलं की ते जमिनीवर टाकायचं, तोफेची चाकं त्यावर चढवायची. मग एकटा माणूस शेपटीला धरून अख्खी तोफ चौफेर फिरवू शकतो. जवळजवळ अठराशे किलोच्या धुडाला अशी गिरकी घ्यायला लावणाऱ्या त्या अनाम इंजिनिअरसमोर मी मनातल्या मनात बऱ्याचदा हात जोडतो.

तर या तोफेचं प्लास्टिकचं मॉडेल मी १/३५ या प्रमाणात जोडतोय. पस्तीसच का, याचं कारण ऐकलं की सगळ्या शास्त्रशुद्धतेतली हवा निघून जाते. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका जर्मन रणगाड्याचं मोटारीवर चालणारं खेळणं काढलं. आत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशोबाने त्याचा आकार ठरला. ते चांगलं खपलं, तेव्हा शुनसाकू तामिया यांनी मोजून पाहिलं, तर मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचं माप निघालं. मग पुढची सगळी वाहनं त्याच मापात आली, इतर कंपन्यांनीही तेच उचललं, आणि आज जगभरचे प्रौढ, शहाणे, कर्ते लोक अर्ध्या मिलिमीटरवरून वाद घालताना ज्या प्रमाणाची शपथ घेतात, ते प्रमाण दोन बॅटऱ्यांनी ठरवलेलं आहे.

पस्तिसाने भागायला लागलं की जग विलक्षण गमतीदार दिसतं. पाच फूट नऊ इंचांचा तोफची पाच सेंटिमीटरचा होतो. नळीचं भोक अडीच मिलिमीटरवर येतं. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी घटत जातं. त्या हिशोबाने अठराशे किलोंची तोफ फक्त बेचाळीस ग्रॅमची, एका लिंबाएवढी भरते. आणि इथेच प्लास्टिकचं पितळ उघडं पडतं. साच्यातून प्लास्टिकचा पत्रा काढायचा तर तो साधारण मिलिमीटरभर जाड ठेवावा लागतो. एक मिलिमीटर गुणिले पस्तीस म्हणजे साडेतीन सेंटिमीटर! तोफेपुढची ढाल एवढी जाड असती तर तिला ओढायला आगगाडी लागली असती. उलट ०.१५ मिलिमीटरचा पितळी पत्रा घेतला की पस्तीसपट करून पाच मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि ढाल एकदम ढालीसारखी दिसू लागते.

या पितळी सामानाला आमच्या मंडळींत फोटो-एच म्हणतात. चेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड, पोलंडमधली अबेर, चीनमधली व्हॉयेजर अशा कंपन्या ते काढतात. तंत्र जुनंच आहे. पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप द्यायचा, वर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश पाडायचा, आणि लेप धुतला जाऊन उघडं पडलेलं पितळ फेरिक क्लोराइडने खाऊ द्यायचं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्यांना सर्किट बोर्ड करताना बोटांवर पडलेले ते तपकिरी डाग आठवत असतील. तेच हे रसायन. हाती येते ती पत्त्याएवढी एक पितळी जाळी. तिच्यात बिजागऱ्या, कड्या, कुलुपाच्या पट्ट्या, बोल्टांची डोकी आणि फुलपाखरी नट असं सगळं बारीक दांड्यांनी धरून ठेवलेलं असतं. एकेका नटाचा आकार पाहून वाटतं, आपण तोफ जोडायला बसलोय की डासाचा चष्मा दुरुस्त करायला? किंमत मात्र डासाला परवडणारी नसते. काही वेळा जाळी मूळ किटच्या किमतीला जाऊन भिडते. घरून, "एवढ्याशा पत्र्याला एवढे पैसे?" असं विचारलं जातं, तेव्हा किलोचा भाव काढून बघण्याचं धाडस मी करत नाही.

पितळेला स्वतःचा स्वभाव असतो. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीखाली आयुष्य घालवलेल्या कुठल्याही कारागिराला विचारा: धातू ठोकत गेलं की ताठरतो, तापवला की नरमतो. ढालीची वळणदार कड काढायची असेल तर भाग ज्योतीवर धरून आधी मऊ करून घ्यायचा. काटकोनात घडी घालायची असेल तर मात्र ताठपणाच कामी येतो. जिथे घडी घालायची तिथे फेरिक क्लोराइडने पत्र्याची अर्धी जाडी आधीच खाल्लेली असते. ती खाच आत ठेवून, पोलादी पट्टीखाली दाबून, एकाच दमात वाकवायचं. चुकून उलटं वाकवलं आणि पुन्हा सरळ करायला गेलं की ती खाच हातात दोन तुकडे ठेवून मोकळी होते. फेरविचाराला पितळेच्या कायद्यात जागा नाही.

मग येतो सुपरग्लू. प्लास्टिकचा नेहमीचा डिंक प्लास्टिकलाच विरघळवून जोडतो, पितळेसमोर त्याचं काही चालत नाही. सुपरग्लूचं मूळ पाहिलं तर ते थेट तोफखान्याच्या दारात निघतं. १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतले रसायनतज्ज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाताशी आलेलं सायनोअ‍ॅक्रिलेट ज्याला लागेल त्याला चिकटून बसायला लागलं, म्हणून ते नालायक ठरवून बाजूला सारलं गेलं. १९५१च्या सुमारास त्या नालायकीतली लायकी लक्षात आली आणि १९५८मध्ये ते बाजारात उतरलं. नेमदर्शक व्हायला निघालेला हा पदार्थ आज माझ्या टेबलावर नेमदर्शकाचा पितळी कंस चिकटवतो. कंसाआधी तो अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवतो, हा त्याचा जुना बाणा. हवेतल्या ओलाव्याने तो धरतो, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या उत्साहाला उधाण येतं.

चिमट्यातून निसटलेला पितळी भाग हा या छंदातला खरा तोफगोळा. चिमटा जरा जास्त दाबला गेला की टिंग असा आवाज येतो आणि गोळा सुटतो. पल्ला, दिशा, पडण्याचं ठिकाण, सगळं अज्ञात. चुंबक फिरवून उपयोग नाही, पितळ त्याला भीक घालत नाही. जाणकार खोलीतला दिवा मालवून विजेरी फरशीवर आडवी ठेवतात. तिरप्या उजेडात पितळ चमकतं. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ मोजा बांधून जमीन झाडणारेही आहेत. या उपायांनी हरवलेली टिकली, स्टेपलरच्या पिना आणि मागच्या दिवाळीतला शेवेचा तुकडा हमखास सापडतो.

आणि एवढं करून सगळं पितळ जागेवर बसलं की त्यावर रंग मारायचा! आधी प्रायमर, मग वाळवंटी पिवळा किंवा हिरवा, मग धूळ, तेल आणि गंज. रंगाखाली पितळ आणि प्लास्टिक यांतला फरक कुणालाही ओळखता येत नाही. म्हणून बहुतेक मॉडेलर रंगाआधीचे फोटो काढून ठेवतात, राखाडी प्लास्टिकवर पिवळंधमक पितळ झळकतंय असे. पुढे कुणी शंका घेतली तर पुरावा असावा. माझ्याकडे शंका घ्यायला अजून कुणी आलेलं नाही. पाहुणे तोफेकडे बघून "छान आहे, उडते का?" एवढंच विचारतात आणि चहाकडे वळतात. चक्राच्या खालच्या बाजूला मी काय काय बसवलंय, हे बघायला तोफ उलटी करावी लागेल, आणि ती उलटी करायची परवानगी मी कुणाला देत नाही.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर मला आमच्या सोसायटीतल्या सुभेदार काकांकडून मिळालं. देवळालीला तोफखान्याच्या शाळेत शिकलेले, तरुणपणी खऱ्या २५-पौंडीवर काम केलेले. त्यांनी भिंगातून तोफ न्याहाळली. मी जीव मुठीत धरून उभा. "हे काय लावलंय, डायल साइट ना?" त्यांनी बरोबर ओळखलं. मी विचारलं, "काका, यातून शत्रू किती जवळ दिसायचा?" ते हसले. "अहो, शत्रू कुठला दिसतोय! तो टेकडीपलीकडे. आम्ही यातून आमच्याच मागे नाहीतर बाजूला रोवलेल्या काठीकडे बघायचो. काठीवर कोन धरायचा, सांगितलेली उंची द्यायची, आणि फायर. गोळा कुठे पडला ते पुढे बसलेला अधिकारी वायरलेसवर सांगणार. आमच्या डोळ्यांना दिसायची ती काठी."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे वाक्य घोळतंय. बारा किलोमीटरवर मारा करणाऱ्या यंत्राचा सगळा भरवसा हाकेच्या अंतरावरच्या एका काठीवर. काठी चोख रोवलेली असेल, तर न दिसणाऱ्या टोकालाही गोष्टी बरोबर होतात. चक्राखाली बसवलेला एक पितळी बोल्ट ही माझी काठी आहे. तो नीट बसला असेल तर वरची तोफ खरी आहे असं मला वाटतं, आणि वीतभर अंतरावरून बघताना तेवढं मला पुरतं. सुभेदार काकांच्या तुलनेत मी सुखी, कारण माझी चूक कुणाच्या डोक्यावर पडत नाही आणि वायरलेसवर कुणी ओरडतही नाही. बारा किलोमीटरवरच्या माणसांना ज्या वस्तूने रात्र रात्र झोपू दिलं नाही, ती वस्तू आता फक्त मला जागवते, ही तिची बढतीच म्हणायची.

घरच्यांनीही तिला आता कुटुंबात सामावून घेतलंय. खंडेनवमीला चिमटे, कटर आणि पट्टी यांच्याबरोबर तोफही पाटावर बसली. हळदकुंकवाला माझी हरकत नव्हती, वाळवंटी धुळीत ते खपून जातं. अक्षता टाकायला हात पुढे आला तेव्हा मात्र मी आडवा गेलो. सहा मिलिमीटरचा तांदळाचा दाणा १/३५च्या हिशोबाने वीतभर लांबीचा धोंडा होतो; एवढी दगडफेक कुठल्याही तोफची पथकाने सहन केली नसती. अखेर अक्षता पाटावर पडल्या आणि तह झाला.

आता एकच अडचण उरली आहे. २५-पौंडी एकटी कधीच हिंडत नसे. तिच्यामागे नव्हे, तिच्यापुढे दारूगोळ्याची दुचाकी पेटी असायची, आणि पेटीपुढे मॉरिसचा तो कासवाच्या पाठीचा क्वाड ट्रॅक्टर. पेटीला उघडी दारं आहेत, आत गोळ्यांचे कप्पे आहेत, म्हणजे पितळ आलंच. ट्रॅक्टरच्या आतल्या बाकांना, कप्प्यांना आणि कड्यांना वेगळी जाळी मिळते, आणि एकदा छप्पर चिकटवलं की त्यातलं काहीही पुन्हा दिसत नाही. इतकी शिफारस मला पुरेशी आहे. रणांगणावर ट्रॅक्टर तोफेला ओढत आणायचा. आमच्या घरी तोफच ट्रॅक्टरला ओढून आणते आहे, आणि बिल मी भरतो.