भूमिपुत्र नियमित करून मिळतील

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या अंगाला वळली की इतिहास सुरू होतो. विठ्ठलवाडीला तो दारात लोंबकळतो, उल्हासनगरला कोपराने जागा करून आत शिरतो, अंबरनाथला हजार वर्षांचा होतो आणि बदलापूरला खिडकीत बसून बाकीच्या सगळ्यांना उपरे ठरवतो.

वादाचं मूळ खरं तर या खिडकीतच आहे. बदलापूरहून सुटणारी सकाळची लोकल ही बदलापूरकरांच्या वाडवडिलांची, असा बदलापूरकरांचा समज. पण ती फलाटाला लागते तीच अर्धीअधिक भरलेली. उल्हासनगर-अंबरनाथचे जाणते लोक आधी उलटे बदलापूरला येतात, उतरत नाहीत, डोळे मिटून समाधी लावतात आणि त्याच गाडीने मुंबईकडे निघतात. याला रिटर्न येणं म्हणतात. बदलापूरकर याला आक्रमण म्हणतो. मग कोण आधी आलं, कोण मागून आलं, कोणाची भाषा जुनी, कोणाचा राजा मोठा हे सगळं ओघाने येतंच. ठाकुर्लीपर्यंत सातवाहन होतात, दिव्याला यादव बुडतात, आणि घाटकोपर आल्यावर लोकांना आठवतं की आपल्याला उतरायचं आहे.

आमच्या डब्यातले तीन प्रमुख पक्ष सांगतो. बदलापूरचे मास्तर हे कट्टर भूमिपुत्र. लालबागची खोली विकून २००९ साली ते इकडे आले, तेव्हापासून. निसर्गाच्या कुशीत वन बीएचके अशी जाहिरात होती. कूस पुढे बिल्डरने पार्किंगला दिली, ते सोडा. मास्तरांच्या भूमिपुत्रत्वाचा लेखी पुरावा म्हणजे फ्लॅटचा इंडेक्स टू. तोंडी पुरावा म्हणजे बदलापुरात पूर्वी घोडे बदलले जात आणि शिवरायांचे स्वार तिथे थांबत, ही गावात सांगितली जाणारी गोष्ट. घोडे बदलणारे स्वार पुढे निघून जात, राहत नसत, एवढं एक कलम मास्तर वगळतात.

दुसरे अंबरनाथचे काका. यांचे वडील साताऱ्याकडून विमकोत, म्हणजे माचिसच्या कारखान्यात लागले. कारखाना स्वीडनच्या लोकांनी काढलेला. पण काका बोलायला लागले की स्वीडन नाही, सातारा नाही, थेट शिलाहार.

तिसरे उल्हासनगर कॅम्प तीनचे सिंधी शेठ. गजानन मार्केटात कपड्याचं दुकान, माल आणायला मस्जिद बंदरला जातात. शेठ फार बोलत नाहीत. वाद रंगात आला की शेवटचं पान टाकतात : "साईं, मोहेंजोदडो." म्हणजे संपलं. मोहेंजोदडो सिंधमध्ये, लारकान्याजवळ. त्याच्या वयापुढे शिलाहार म्हणजे कालचं पोर. "साडेचार हजार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत झाकलेली गटारं होती," असं शेठ सांगतात, तेव्हा गाडी नेमकी वालधुनी नदीच्या आसपास असते आणि सगळा डबा नाकाला रुमाल लावून त्यांचं म्हणणं मान्य करतो.

काकांच्या शिलाहारांकडे जरा सावकाश जायला हवं, कारण घोटाळा तिथेच आहे. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहार राजा छित्तराज याच्या काळात सुरू झालं आणि मम्मुणीच्या काळात पुरं झालं असं मानतात. मंदिरात कोरलेला लेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. हे साल आधी ७८२ असं वाचलं गेलं होतं, म्हणून जुन्या पुस्तकांत मंदिर नवव्या शतकातलं ठरलेलं सापडतं. पुढे पंडितांनी लेख नीट वाचला आणि मंदिराचं वय एका अंकामुळे दोनशे वर्षांनी उतरलं. तेव्हा कोणाच्याही भावना दुखावल्या नाहीत, बंद पाळला गेला नाही, कोणी पंडितांच्या तोंडाला काळं फासलं नाही. मागासलेला काळ होता.

तर हे उत्तर कोकणचे शिलाहार स्वतःबद्दल काय सांगतात? ताम्रपटांवर त्यांची एक बिरुदावली असते, आणि तिच्यात ते स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. राज्य कोकणात, मंदिर अंबरनाथला, आणि ऐट कसली, तर आम्ही इथले नाही, तेरचे! वर मूळ पुरुष जीमूतवाहन, तो तर विद्याधर, म्हणजे पृथ्वीवरचाही नव्हे. सुरुवातीला मांडलिक राष्ट्रकूटांचे, त्यांचा दरबार मान्यखेटला, आजच्या कर्नाटकात. आणि लेख संस्कृतात. म्हणजे आज मम्मुणी महाराज अंबरनाथ स्टेशनवर उतरले आणि कोणी विचारलं, "कुठले तुम्ही?" तर ते छाती काढून "तेरचे" म्हणतील, आणि पूर्वेच्या रिक्षा स्टँडवरच त्यांचा निकाल लागेल.

हे मी काकांना एकदा सांगितलं. काका म्हणाले, "तू कुठला?"

पूर्वी बाहेरून येण्यात प्रतिष्ठा होती, याची ही एकच साक्ष नाही. आपल्या उत्तर कोकणची जुनी बखर म्हणजे महिकावतीची. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली. तीत काय आहे? बिंब राजाबरोबर कुठून कुठून कोणती कुळं आली, कोणाला कोणती गावं मिळाली, याची यादी. आलेल्यांची नोंद, तीही अभिमानाने. आता उलटं झालं आहे. आपण कुठून आलो ते गणपतीला आणि शिमग्याला आठवायचं, तेही कोकणकन्येचं रिझर्व्हेशन मिळालं तर. बाकी वर्षभर आपण इथेच उगवलो.

मंदिराबद्दल आणखी एक पक्ष आहे, पांडवांचा. अंबरनाथचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उजाडलं म्हणून काम अर्धवट राहिलं, असं मानणारे लोक शिलालेख दाखवला तरी हलत नाहीत. महाराष्ट्रात एवढ्या तालुक्यांत पांडवांनी रात्रपाळी केली आहे की दिवसा ते काय करत असतील असा प्रश्न पडतो. पण पांडव हस्तिनापूरचे. म्हणजे उत्तरेकडून आलेले कारागीर, मुक्काम तात्पुरता, काम रात्रीचं, परवानगी नाही. आज अशा पाच जणांना बदलापुरात कोणी खोली भाड्याने देईल का? बायको धरून सहा माणसं एका खोलीत, म्हणून सोसायटीच हरकत घेईल.

शेठजींचं प्रकरण वेगळं. त्यांचं गाव कधी वसलं ते साल-तारखेनिशी ठाऊक आहे, आणि हाच त्यांचा गुन्हा. महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना तिथे आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नगराचा पाया घातला, उल्हास नदीवरून नाव पडलं. लोक मात्र अजून कॅम्प एक ते कॅम्प पाच असंच म्हणतात, आणि पत्त्यात बराकीचा नंबर घालतात. पाऊणशे वर्षं झाली. मास्तरांना सतरा झाली. तरी निर्वासित शेठ आणि भूमिपुत्र मास्तर.

मास्तर भाषेवर आले की कोणालाच सोडत नाहीत. त्यांच्या मते राज्यघटनेची आठवी अनुसूची ही लोकल आहे. मराठी १९५०ला सुरुवातीच्या स्टेशनात बसली, पहिल्या चौदांत. सिंधी १० एप्रिल १९६७ला मधल्या स्टेशनात चढली, कोंकणी १९९२ला. "आता तर आमची अभिजातही झाली, ३ ऑक्टोबर २०२४ला. म्हणजे फर्स्ट क्लास!" त्यावर शेठ म्हणाले, "मास्तर, आम्ही चढलो खरे, पण राज्य कुठेय आम्हाला? सत्तावन्नपेक्षा जास्त वर्षं उभ्यानेच चाललोय." डब्यात दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग मास्तरांनी थोडं सरकून चौथी सीट करून दिली. त्या सीटवर माणूस अर्धाच बसतो, पण दिली.

उभं राहण्याची सिंध्यांना सवयच असावी. एकाने 'जन गण मन'मधला सिंध काढून टाका, कारण तो आता आपल्याकडे नाही, असा अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात केला होता. २००५मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. म्हणजे राष्ट्रगीतात जागा पक्की आहे, फक्त सगळ्यांनी ते उभं राहूनच म्हणायचं असतं. आणि घरची परिस्थिती अशी की सिंधी अरबी वळणाच्या बावन्न अक्षरांत लिहायची की देवनागरीत, यावर वडीलधाऱ्यांनी इतकी वर्षं वाद घातला, तोवर नातवंडं हिंदी बोलायला लागली.

राहता राहिले विनोद. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सांगितला नाही तर आमच्याकडे प्रवास पुरा झाला असं धरत नाहीत. दुसरा तो सापाचा, साप आणि अमुक समोर आले तर आधी कोणाला मारावं. शेठना तो सिंध्यांवर ऐकवला जातो. शेठ हसतात, कारण तोच त्यांनी दुसऱ्या जातीवर, दुसऱ्या प्रांतावर, तिसऱ्या धर्मावर ऐकलेला आहे. साप बिचारा देशभर तोच आहे. एवढ्या समृद्ध भाषांना मिळून एक नवी शिवी सुचू नये, याचं मला एक भाषाप्रेमी म्हणून वाईट वाटतं.

आणि हे सगळं चालतं हिंदीत. मास्तर "मराठी में बोलने का!" असं गरजतात, शेठ "सिंधी कितनी मीठी है" हेही हिंदीतच सांगतात. २०२५च्या जूनअखेर सरकारने पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचे, म्हणजे हिंदीचे, दोन्ही निर्णय मागे घेतले, त्या आनंदात आमच्या डब्यात पेढे वाटले गेले. वाटणारा म्हणत होता, "लो भाई, मुँह मीठा करो."

आपण एकटेच असे आहोत असं वाटून कोणी खिन्न होऊ नये. पश्चिम आफ्रिकेत नायजेरियात लागोस नावाचं अवाढव्य शहर आहे. तिथले योरुबा म्हणतात शहर आमचं, नाव एको. बेनिनवाले म्हणतात, एको हा आमच्या फौजेचा तळ, म्हणजे शुद्ध कॅम्प! इग्बो व्यापारी म्हणतात दुकानं आमची, आणि कोणी 'हे शहर कोणाच्याच बापाचं नाही' म्हणालं की निवडणुकीपर्यंत भांडण पुरतं. योरुबांमध्ये परत ओयो, इजेबू, एग्बा, एकिती, आणि प्रत्येकाची योरुबा अस्सल. सगळ्यांचा मूळ पुरुष एकच, ओदुदुवा. तो एका कथेत आकाशातून साखळीला धरून इफे गावी उतरला आणि दुसऱ्या कथेत मक्केकडून आला. पाद्री सॅम्युएल जॉन्सन यांनी १८९७च्या सुमारास योरुबांचा इतिहास लिहिला, तो १९२१ साली छापला गेला, त्यातही पूर्वेकडून येणं आहे. मूळ पुरुष म्हटला की त्याला कुठून तरी यावंच लागतं. भूमिपुत्र होण्याची सोय फक्त वंशजांना. आणि योरुबा कोणाची शुद्ध, हा वाद ते इंग्रजीत घालतात.

आमच्या डब्यात नेवाळीकडचा एक आगरी पोरगा अंबरनाथला चढतो. महायुद्धात इंग्रजांनी तिकडच्या शेतांत विमानांची धावपट्टी केली. जमीन परत द्या म्हणून गावकऱ्यांचं जून २०१७मध्ये मोठं आंदोलन झालं, जाळपोळ झाली. तो या वादात कानात बोंडं घालून असतो. एकदा एक बोंड काढून म्हणाला, "तुमी सगले आमचे शेतान बसलाव," आणि बोंड परत घातलं. वांगणी-बदलापूरकडून शेवळं, कंटोळी घेऊन येणाऱ्या कातकरी बायका तर लगेज डब्यात असतात. त्यांना कोणी मूळ कुठल्या असं विचारत नाही. वाटा केवढ्याला, एवढंच विचारतात, आणि दहा रुपये कमी करायला लावतात.

तेव्हा मी एक तोडगा सुचवतो. उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं दंड भरून नियमित करावीत असा कायदा २००६ साली विधिमंडळाने केला आहे. बांधकाम पाहून दंड आकारायचा. जे घराला चालतं ते घरमालकाला का चालू नये? बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथील भूमिपुत्र नियमित करून द्यावेत. दंडाचा दर आगमनाच्या सालावर. १९४९च्या आधीचे असतील तर नाममात्र. इंडेक्स टूवर भूमिपुत्र झालेल्यांना रेडी रेकनरप्रमाणे. रिटर्न येणाऱ्यांना दुप्पट. मम्मुणी महाराजांनी अर्ज केला तर तो त्रुटी काढून परत पाठवावा : वास्तव्याचा दाखला तेरचा, प्रतिज्ञापत्र संस्कृतात, मूळ पुरुष विद्याधर, त्याचं आधार कार्ड जोडलेलं नाही. पांडवांचं बांधकाम अपूर्ण आहे. त्यांनी आधी भोगवटा प्रमाणपत्र आणावं.

आणि अंबरनाथ-बदलापूरच्या मधे चिखलोलीचं नवं स्थानक होऊ घातलंय. तिथल्या मूळ प्रवाशांनी अर्ज आत्ताच भरून ठेवावेत. फलाट पूर्ण होण्याआधी येणाऱ्यांना पुरातन गटातून सवलत मिळेल. नंतर आलेले सगळे उपरे.