आमदारांसाठी राखीव

एसटीच्या गाडीत पुढच्या अंगाला, खिडकीच्या वरच्या पत्र्यावर, रंगाऱ्यानं घाईघाईत उमटवलेली अक्षरं असतात : आमदार, खासदार. खालचा बाक इतर बाकांसारखाच. तेच फाटलेलं रेक्झिन, त्यातून डोकावणारा तोच पिवळा स्पंज आणि समोरच्या पत्र्यावर कुणीतरी खिळ्यानं कोरलेली तीच बाणविद्ध प्रीती. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. तेव्हापासून या गाड्यांनी काय काय वाहिलं नाही! वर्तमानपत्रांचे गठ्ठे, शहरात शिकणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे, डोळे पुसत निघालेल्या सासुरवाशिणी. आमदार तेवढे फारसे वाहिले नसावेत. पण त्यांची जागा मात्र निष्ठेनं राखलेली. भरतानं सिंहासनावर पादुका ठेवून राज्य केलं म्हणतात. इथे पादुकांच्या जागी बहुतेक वेळा कोंबड्यांचं डालगं असतं.

लहानपणी आत्याबरोबर तालुक्याला जाताना आम्हांला हाच बाक मिळे, कारण जाणते प्रवासी तो टाळत. कंडक्टर चिमटा वाजवत येई आणि बजावी, “आमदार आले तर उठायचं बरं का, आत्याबाई.” “येऊ द्यात की,” असं म्हणून आत्या पदर सारखा करी आणि अंमळ ताठ बसे. मग प्रत्येक थांब्यावर मी दाराकडे बघत राही. दारातून चढे ती टपालाची थैली, चढत ते शेजारगावचे गुरुजी, चढे ती घाटात हमखास ओकणारी एक मुलगी. लोकप्रतिनिधीची वाट इतक्या एकाग्रतेनं मी पुढे कधी पाहिली नाही.

सांगोल्याकडच्या पोरांचं नशीब मात्र थोर. तिथले आमदार खरोखरच एसटीनं फिरत. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ साली अकराव्यांदा. मधे १९७२ आणि १९९५ अशा दोन निवडणुका हरले, दोनदा मंत्रीही झाले; बाकीचा काळ विरोधी बाकांवर पाण्याचं बोलत काढला, कारण तालुकाच पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे बघत आलेला. ते २०२१ साली गेले. मला राहून राहून कुतूहल वाटतं ते त्या बाकावर बसलेल्या इतर माणसांचं. खरा आमदार दारात उभा राहिल्यावर ती उठली असतील, की सरकून जागा केली असेल? मला वाटतं, सरकली असतील.

आमदारांची दुसरी जागा मुंबईत, नरिमन पॉइंटच्या विधानभवनात. तिथे २८८ जण बसतात आणि समोर ध्वनिक्षेपक असतो. गावच्या रस्त्यातला खड्डा तिथवर कसा पोहोचतो, हे बघण्यासारखं आहे. इथे तो नुसता खड्डा असतो. चिखलाचा, म्हशींच्या ओळखीचा. आमदार त्याची सूचना देतात तेव्हा त्याचा तारांकित प्रश्न होतो, त्याला क्रमांक मिळतो आणि भाषाही बदलते : अमुक रस्त्याची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? सगळं जुळून आलं, तर प्रश्नोत्तरांच्या तासात खड्ड्याचा पुकारा होतो. उत्तर येतं, हे अंशतः खरे आहे. शेवटच्या पोटप्रश्नाला, प्रश्न उद्भवत नाही. तोवर गावाकडे त्या अंशतः खऱ्या खड्ड्यात पावसाचं पूर्ण पाणी साचून बेडकांचं अधिवेशन सुरू झालेलं असतं. हिवाळ्यात हा सगळा कारभार, १९५३ च्या नागपूर कराराला जागून, फायलींच्या गठ्ठ्यांसकट नागपूरला जातो आणि त्याच्यामागोमाग मोर्चेही जातात. मला या थाटाचं हसू येतं, तसा आदरही वाटतो. म्हशींच्या ओळखीच्या खड्ड्याला एका राज्यानं उभं राहून उत्तर द्यावं, ही गोष्ट काही लहान नाही.

पण मतदारसंघाला यातलं काही दिसत नाही. त्याचा हिशेब निराळा. कुणाच्या शेतावरची डीपी जळाली, कुणाच्या सुनेला दवाखान्यात खाट मिळत नाही, कुणाच्या पोराला अकरावीला प्रवेश हवा. रात्री साडेअकराला फोन वाजतो तो याचा. लग्नसराईत तर एका दिवसात पाच मांडव. भटजी घड्याळाकडे बघतात, मामा अंतरपाट धरून अवघडतात, वाजंत्री थबकतात आणि मुहूर्त आमदारांच्या गाडीच्या धुळीची वाट बघत उभा राहतो. दशक्रियेच्या घाटावर मात्र कुणाचं चालत नाही. श्रद्धांजलीचं भाषण रंगात आलेलं असतानाच कावळा पिंडावर उतरतो आणि श्रोत्यांच्या माना तिकडे वळतात. त्याला प्रोटोकॉल ठाऊक नसतो.

कधीकधी ही दोन्ही कामं एकमेकांना भेटतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. सभागृहात शिस्त राखता राखता गावाकडच्या रिकाम्या हातांना हक्कानं काम कसं देता येईल, याचं गणित ते मांडत राहिले. त्यातून रोजगार हमी योजना आली. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ साली सगळ्या देशाला त्याच वाटेचा कायदा मिळाला. आत्यानं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. गाडी तालुक्याच्या अलीकडच्या वळणावर आली, की ती खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणे, “ह्यो तुकडा आमचा.” आमदारांच्या बाकावर बसून, आपणच फोडलेल्या खडीवरून ती जात असे, पागे हे नाव तिनं कधी ऐकलं नसावं.

पुढे तिच्या नातवाच्या लग्नाला आमदार आले नाहीत. अधिवेशन होतं. आत्या फुगून बसली. घरातलं कुणीतरी म्हणालं, “अगं, तू जन्मात कधी त्याच्या पक्षाला मत दिलं नाहीस, मग रुसतेस कशाला?” आत्या उसळून म्हणाली, “मत दिलं न्हाई म्हनून काय झालं? आमदार माझा न्हाई व्हय?” अधिवेशन संपल्यावर तो आला. आहेराचं पाकीट दिलं, नवऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारली, चहा घेतला. आत्यानं त्याला दुसरा कप दिला आणि तो संपायच्या आत जळालेल्या डीपीचं सांगून घेतलं.