ऋण काढून रग्बी

इंग्लंडच्या रग्बी संघटनेने, म्हणजे आरएफयूने, 2023-24 चा ताळेबंद मांडला तेव्हा त्यात दोन आकडे गुण्यागोविंदाने नांदत होते. एक, 3 कोटी 79 लाख पौंडांचा विक्रमी तोटा. दुसरा, मुख्य कार्यकारी अधिकारी बिल स्वीनी यांची वर्षाची कमाई, 11 लाख पौंड, त्यातले 3 लाख 58 हजार बोनसचे. शिवाय 42 कर्मचाऱ्यांना नारळ. विश्वचषकाच्या वर्षी घरचे सामने कमी होतात, त्यामुळे तोटा अपेक्षितच होता, असा खुलासा आला. अपेक्षेप्रमाणे तोटा करून दाखवला, तर बोनस नको? अध्यक्ष टॉम इल्युब पायउतार झाले, चिडलेल्या क्लबांनी विशेष सभा बोलावली, मार्च 2025 मध्ये मतं मोजली गेली आणि स्वीनी 466 विरुद्ध 206 मतांनी खुर्चीवर कायम. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

हा खेळ पैशाच्या बाबतीत पहिल्यापासूनच विक्षिप्त. यॉर्कशर-लँकेशरचे खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांचा रोज बुडायचा. तेवढा तरी भरून द्या, एवढंच मागणं होतं. लंडनच्या सभ्य गृहस्थांनी नाक मुरडलं. म्हणून ऑगस्ट 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली. उरलेल्यांची रग्बी युनियन पुढची शंभर वर्षं ‘खेळावरच्या प्रेमा’वर चालली (प्रेमाची पाकिटं अधूनमधून बुटात सापडायची, ते सोडा). ऑगस्ट 1995 मध्ये पॅरिसला बैठक झाली आणि सोवळं सुटलं. शंभर वर्षं खेळाडूला दमडी द्यायची नाही म्हणून भांडले, नंतरची तीस वर्षं खिशात नसलेले पैसे वाटत सुटले.

वास्प्सचंच बघा. दोनदा युरोपचं विजेतेपद मिळवलेला लंडनचा जुना क्लब. 2014 मध्ये तो बाडबिस्तरा उचलून कॉव्हेंट्रीला गेला, तिथलं मोठं स्टेडियम घेतलं आणि पुढच्याच वर्षी साडेसहा टक्क्यांनी साडेतीन कोटी पौंडांचे रोखे विकले. घेणाऱ्यांत साधे चाहतेही होते. ज्या संघासाठी घसा कोरडा केला त्यालाच कर्ज दिलं. मे 2022 मध्ये परतफेडीची तारीख आली, पैसे आले नाहीत. ऑक्टोबरमध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि 167 माणसं एका दिवसात बेकार झाली. त्याच्या काही आठवडे आधी वूस्टर क्लब बुडाला. सरकारचा करच थकवला होता. जून 2023 मध्ये लंडन आयरिश. जर्सी रेड्सची तर कमाल. 2023 मध्ये दुसऱ्या श्रेणीची चॅम्पियनशिप जिंकली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दुकानाला कुलूप. एवढं झाल्यावर इंग्लंडने क्लबांचे हिशेब बघायला एक देखरेख समिती नेमली. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं.

मधल्या काळात पैसेवाले येऊन गेले. सीव्हीसी हे नाव आपल्याकडे ऐकलेलं असेल. 5,625 कोटी मोजून यांनीच गुजरात टायटन्स घेतली आणि 2025 मध्ये मोठा हिस्सा टॉरेंटला विकून मोकळे झाले. इंग्लंडच्या प्रीमियरशिपचा, म्हणजे वरच्या क्लब लीगचा, 27 टक्के हिस्सा त्यांनी 20 कोटी पौंडांच्या वर मोजून घेतला, मग सिक्स नेशन्स स्पर्धेचा सातवा हिस्सा. आता यातली मेख अशी की पैसा एकदाच येतो आणि हिस्सा कायमचा जातो. क्लबांनी तो पैसा कशात घातला? बहुतेकांचं उत्तर पगार आणि जुनी देणी. न्यूझीलंडने 2022 मध्ये सिल्व्हर लेक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडून 20 कोटी न्यूझीलंड डॉलर घेतले. 2024 मध्ये तिथे विक्रमी उत्पन्न झालं आणि तरीही जवळपास 2 कोटींचा तोटा. दक्षिण आफ्रिकेच्या प्रांतिक संघटनांनी मात्र डिसेंबर 2024 मध्ये अशाच एका अमेरिकी पाहुण्याला दारातूनच परत पाठवलं. विश्वविजेते उगाच झालेले नाहीत.

‘जागतिक खेळ’ म्हणून मिरवायचं, तर जगाच्या दुसऱ्या टोकालाही बघायला हवं. नोव्हेंबर 2017 मध्ये सामोआचा संघ ट्विकनहॅमला खेळायला आला. आपल्या संघटनेचं दिवाळं निघालंय, असं त्याआधी खुद्द सामोआच्या पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं. संघटनेचे अध्यक्षही तेच. जागतिक संघटना म्हणाली, छे, तसं काही नाही. त्या दिवशी मैदानावरच्या इंग्लिश खेळाडूला सुमारे 22 हजार पौंड आणि त्याला भिडणाऱ्या सामोअनला साडेसहाशे. भिडण्याचा दर ठरवणारं टेबल कुणाच्या ऑफिसात असतं, कोण जाणे. तिकिटांचा गल्ला यजमानाचा, असा या खेळात रिवाज आहे. ट्विकनहॅमसारखं 82 हजारांचं स्टेडियम सामोआकडे नाही, त्यामुळे हा रिवाज त्यांच्या कधीच उपयोगी पडत नाही. आरएफयूने सदिच्छा म्हणून 75 हजार पौंड दिले. दक्षिणा म्हणा.

मग हे कुणाला जमतच नाही का? फ्रेंचांना बऱ्यापैकी जमतं. श्रीमंत मालक तिथेही आहेत, पगारही तगडे, पण टीव्हीचा पैसा भक्कम आहे आणि गावोगाव प्रेक्षक. शिवाय तिथे क्लबांच्या वह्या तपासणारी एक यंत्रणा आहे, जिला दात आहेत. 2010 मध्ये मोंतोबाँ क्लबचे पैसे संपले, तर सगळ्यात वरच्या श्रेणीतून उचलून थेट तिसऱ्या श्रेणीत बसवलं. पंधरा वर्षं घासून क्लब 2025 मध्ये वर परतला. माझं मत विचाराल, तर या खेळाला गुंतवणूकदारापेक्षा एका खडूस मुनिमाची जास्त गरज आहे. पण मुनिमाच्या नावाची जर्सी विकली जात नाही.

हिशेबाने दुकान बंद करणारा एक क्लब मात्र आपल्या देशात होऊन गेला. 1873 मध्ये कलकत्त्यातल्या साहेबांनी रग्बीचा क्लब काढला. सुरुवातीला बारमध्ये फुकट मिळायची, सभासद भरपूर. फुकट बंद झाली आणि सभासदांना पोलो, टेनिस आवडू लागलं. उरलेल्यांनी खातं बंद केलं, शिल्लक चांदीचे रुपये वितळवले आणि नागांच्या दांड्यांचा, झाकणावर हत्ती असलेला कप घडवून 1878 मध्ये आरएफयूला दिला. इंग्लंड-स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपासाठी झुंजतात.

इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबला शिल्लक वितळवण्याची सोय नव्हती. 1995 मध्ये सर जॉन हॉल नावाच्या धनिकाने पैसा ओतून तिथे व्यावसायिक रग्बीचा पहिला थाट उभा केला, 1998 मध्ये लीगही जिंकून दिली आणि पुढच्या वर्षी काढता पाय घेतला. 2023-24 च्या मोसमात क्लब लीगचे अठराच्या अठरा सामने हरला. ऑगस्ट 2025 मध्ये तो रेड बुलने घेतला, नावासकट. निदान या मालकाचं पेय फुकट मिळत नाही.