रहस्यकादंबरी कशी सुचवावी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (देवरी तालुका आवृत्ती)

रात्री दोनला कादंबरी संपली, खुनी कळला, आणि आता हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण जात नाही, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका.

पुण्या-मुंबईत ‘अमुक वाच’ एवढं म्हणून मोकळं होता येतं. ऐकणारा दुकानात जातो, पुढचं तो आणि दुकानदार बघून घेतात. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीला मुंबई-कोलकाता महामार्ग आहे, पण रेल्वे गाठायची तर आमगाव नाहीतर गोंदिया. पार्सल घरपोच येतं हे खरं, पण ते मागवण्याआधी माणूस विचारतोच, “तुमच्याकडं आहे का जी?” म्हणजे इथं पुस्तक सुचवणाऱ्यालाच ते कपाटातून काढून द्यावं लागतं. शिफारस फसली तर शब्दही गेला आणि पुस्तकही गेलं. म्हणून पुढच्या पायऱ्या क्रमानं पाळाव्यात.

साहित्य : एक कादंबरी (शेवटच्या पानासह), खाकी कव्हर, खोडरबर, उधारीची वही.

पायरी 1. वाचकाचा वर्ग ठरवा

1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. वाचकांची वर्गवारी मात्र सरकारनं आपल्यावर सोडली आहे. “चांगलं काही आहे का?” असं कुणी विचारलं तर लगेच नाव सांगू नका. उलट विचारा, “अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?” आवडलेल्या पुस्तकांबद्दल माणूस खोटं बोलतो, सोडलेल्यांबद्दल खरं.

उत्तर ‘पन्नास पानं झाली तरी कुणी मरेना’ असं आलं, तर अ वर्ग : बाबुराव अर्नाळकर. झुंजार किंवा काळापहाड, कोणीही चालेल. ‘रक्तबिक्त नको’ असं आलं, तर ब वर्ग : सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास, कोर्टात काय ते होईल. ‘नुसता खून नको, रात्री भीतीही वाटली पाहिजे’ म्हणणारा क वर्ग : नारायण धारप, आणि नवं हवं असेल तर हृषीकेश गुप्ते. ‘पुस्तक कुठं सोडलं, पिक्चरच पाहिला’ म्हणणारा ड वर्ग. तो कोणत्याही कादंबरीबद्दल एकच प्रश्न विचारतो, “दृश्यमसारखी आहे का?” हो म्हणा.

पायरी 2. ज्येष्ठांपासून अंतर ठेवा

निवृत्त गुरुजींना अर्नाळकर सुचवण्याचं धाडस नवशिक्यानं करू नये. ते उलट तुम्हालाच सुचवतील, आणि दीड तास सुचवतील. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुजी म्हणाले की सगळ्या वाचल्या, तर मोजायला बसू नका, मान हलवा. शेजारी दुसरे गुरुजी असतील तर ते गुरुनाथ नाईकांचे भक्त निघतील. नाईकांचा आकडाही हजारापलीकडचा. कॅप्टन दीप मोठा की झुंजार, हा वाद सुरू झाला की आपली चप्पल शोधावी.

पायरी 3. हिंदीला पाहुणी समजू नका

छत्तीसगडची हद्द इतकी जवळ असताना फक्त मराठी पुस्तकं सुचवणं हा शुद्ध हट्ट होय. इथल्या कपाटात मराठी रांगेच्या मागे हिंदी रांग असते, आणि जास्त झिजलेली तीच असते. सुरेंद्र मोहन पाठकांची 1977 ची ‘पैंसठ लाख की डकैती’ किंवा वेद प्रकाश शर्मांची ‘वर्दी वाला गुंडा’ सुचवताना आवाज खाली आणायची गरज नाही. मात्र ‘साहित्यिक’ म्हणवणाऱ्या ओळखीच्यांकडून ही पुस्तकं मागायची असतील तर एकटं गाठा. चारचौघांत ती त्यांच्याकडं नसतात.

पायरी 4. तोंड आवरा

ही पायरी सर्वांत अवघड. अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ 1926 सालची. इतकी वर्षं झाली तरी त्यातला खुनी सांगायची मुभा मिळालेली नाही. तिचंच ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये 1952 पासून सुरू आहे, आणि शेवट बाहेर सांगू नका अशी विनंती प्रेक्षकांना अजून केली जाते. आपल्याकडं मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री नाटक बघून परतणारा माणूस घर येईपर्यंत तिसरा अंक साभिनय करून दाखवतो. ही सवय मोडावी लागेल.

नाव न घेताही फुटतं, हे ध्यानात ठेवा. “डॉक्टरवर लक्ष ठेवजो” एवढं म्हणालात की संपलं. “शेवटी मजा आहे” हेही जास्तच. समोरच्यानं डोळे बारीक करून “नोकरानंच मारला ना गा?” असं विचारलं, तर चेहरा कोरा ठेवून धानाच्या भावावर बोला. आरशासमोर सराव करावा.

पायरी 5. पुस्तक सुपूर्द करा

देण्याआधी शेवटचं पान जागेवर आहे का पाहा. जुन्या पुस्तकांत नेमकं तेच गळालेलं असतं. मग सुरुवातीची वीस पानं खोडरबर घेऊन तपासा. आधीच्या एखाद्या परोपकारी वाचकानं पेन्सिलनं बाण काढून ‘हाच तो’ असं लिहून ठेवलेलं असतं. वहीत नाव लिहा आणि परतीची तारीख विचारा. “धान निंगाले का देतो” असं उत्तर आलं तर त्याच्या पुढं मंडई, त्याच्या पुढं लग्नसराई धरून चाला.

विशेष प्रकरण : ‘खोटं नको, खरं द्या’

असा वाचक आला तर मारुती चितमपल्ली द्या. वनाधिकारी म्हणून ते याच जिल्ह्यात, नवेगावबांधला राहिले. ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचणाऱ्याला खून मिळणार नाही, पण मातीतल्या पाऊलखुणांवरून कोण कुठून कुठं गेलं हे ओळखणारा माणूस मिळेल. कोणत्याही गुप्तहेराला याहून जास्त येत नाही.

पायरी 6. परतीची तपासणी

पुस्तक परत आलं की “कसं वाटलं?” विचारू नका, “मस्त” यापलीकडं उत्तर येत नाही. “संशय कुणावर होता?” असं विचारा. ज्यानं भलत्याच माणसावर संशय धरला आणि तावातावानं त्याचं समर्थनही केलं, त्यानं पुस्तक खरंच वाचलं. त्याला दुसरं बिनधास्त द्या, तारीखही विचारू नका.

उरला तो, जो पुस्तक टेबलावर टाकून म्हणतो, “मला तर पहिल्याच पानावर कळलं होतं.” त्याच्याशी वाद घालू नये. त्याला केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 2005 ची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ द्यावी. खून कुणी केला हे लेखकानंच सुरुवातीला सांगून टाकलंय. आता ओळख म्हणावं.