शोधनिबंधाचे प्रात्यक्षिक

शिक्षणाची खरी उन्नती वर्गात न होता परिषदेत होते, हा सिद्धांत आमच्या खात्याने आता इतक्या निष्ठेने अंगीकारला आहे की, अमुक एक गुरुजी बरे शिकवितात असा बोभाटा झाला रे झाला, की त्यांस तत्काळ वर्गातून काढून व्यासपीठावर उभे करण्याची तजवीज होते. प्रस्तुत लेखकावर हा प्रसंग 'बहुवर्ग अध्यापन' या विषयापायी ओढवला. प्राथमिक शाळेचा पट साठांपर्यंत असेल तर तीस दोन शिक्षक पुरेत, असा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब. इयत्ता मात्र चार. तेव्हा पहिलीची मुले जमिनीवर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधीत असता त्याच खोलीत, फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर, दुसरीस हातच्याची वजाबाकी समजावून देणे हे आम्हां मंडळींच्या केवळ नाइलाजाने अंगवळणी पडलेले. त्याचाच 'नवोपक्रम' म्हणून गौरव व्हावयाचा होता.

मी परिषदेस रवाना झालो आणि चारही इयत्ता, शिवाय खिचडीचा तांदूळ व त्याची नोंदवही, माझ्या सहकाऱ्यांच्या गळ्यात पडली; म्हणजे निबंध मी जिल्ह्याच्या ठिकाणी वाचीत होतो आणि त्याचे प्रात्यक्षिक, निबंधातील प्रतिपादनाच्या कितीतरी पुढे जाऊन, तिकडे गावात चालू होते. ते पाहावयास अर्थातच कोणी नव्हते.

परिषद बालकेंद्रित शिक्षणाची असल्यामुळे सभागृहात एकही बालक नव्हते. समईच्या वाती पंख्याच्या वाऱ्याने विझत, आणि छायाचित्रकाराच्या आग्रहास्तव मान्यवर त्या पुन्हा प्रज्वलित करीत. त्यापुढे प्रास्ताविक, परिचय, शाल, नारळ आणि परिचयात राहून गेलेल्या पदव्यांचा पुरवणी परिचय असा सर्व इतमाम यथासांग पार पडेपर्यंत माझ्या पंधरा मिनिटांची तीन उरली होती. ती संपताच एका अधिकाऱ्यांनी मोठ्या आस्थेने पृच्छा केली, "गुरुजी, उपक्रम उत्तम आहे, पण फोटो कुठे दिसत नाहीत?" माझ्या एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात पहिलीतल्या कोणाचे तरी वाहते नाक असते, ही कैफियत त्यांना समाधानकारक वाटली नाही. मुलांना वजाबाकी आली काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रमाणपत्रे जेवणाआधी मिळणार की नंतर, हा मात्र तीन ठिकाणांहून आला.

व्यासपीठावर महात्मा फुले यांची प्रतिमा होती व तीस घसघशीत हार होता. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून प्राथमिक शिक्षणाची हेळसांड सरकारच्या नजरेस आणली, आणि नांगराची मूठ धरावयास न लाजणारे शिक्षक खेड्यांस मिळावेत, त्यांस पगारही बरा असावा, अशी मागणी केली. तिचा उच्चार दिवसभरात कोठेही झाला नाही, हे एका परीने ठीकच झाले; कारण त्या निवेदनास ना छायाचित्रे जोडलेली, ना चित्रफीत, तेव्हा आजच्या छाननीत ते पहिल्याच फेरीत बाद ठरले असते.

परिषद यशस्वी झाल्याचा अहवाल वर गेला आहे, आणि त्याची फलश्रुती म्हणून 'अध्यापनाचे वाया जाणारे दिवस वाचविण्याचे उपाय' या विषयावर तीन दिवसांची निवासी परिषद भरविण्याचा हुकूम नुकताच दफ्तरी दाखल झाला. दर शाळेतून एक शिक्षक सक्तीने यावयाचा आहे. या खेपेस निबंध सहकाऱ्यांनी वाचावा आणि प्रात्यक्षिक मी करावे, अशी वाटणी आम्ही आपसांत करून टाकली आहे.