पॉजकाका

आमच्या मजल्यावरच्या काकांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वापरतो. सोसायटीत ते पॉजकाका. त्यांच्या रिमोटवरची बाकीची बटणं दुकानातून आणली तेव्हा होती तशीच कोरी करकरीत आहेत. दोन उभ्या रेघांचं बटण मात्र इतकं गुळगुळीत झालंय, की त्या रेघा आता फक्त काकांनाच दिसतात.

काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पंचांगं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, चारचारशे पानांच्या कादंबऱ्या, सगळं त्यांच्या लाल पेनाखालून गेलं. ‘मजकूर वाचायचा नाही, अक्षरं बघायची’ हा त्यांच्या धंद्याचा मंत्र. त्यामुळे ज्या कादंबऱ्या त्यांनी तीन-तीनदा तपासल्या, त्यांतल्या एकीच्याही नायिकेचं शेवटी लग्न झालं की नाही हे त्यांना सांगता येत नाही. लग्नाच्या प्रकरणात अक्षता कुठल्या पानावर ऱ्हस्व पडल्या होत्या, ते सांगतात. निवृत्तीनंतर छापखाना सुटला, लाल पेन सुटलं नाही. ते त्यांनी हेरपटांवर चालवायला घेतलं.

हेरपटच का, असं मी एकदा विचारलं.

“कौटुंबिक सिनेमात काय चुका काढायच्या? घराघरात चुकाच असतात,” काका म्हणाले. “पण हेराचं तसं नाही. तो म्हणे एका नजरेत खोलीतल्या माणसांची पिस्तुलं मोजतो. जो स्वतःला चोख म्हणवतो ना, त्याचीच मुद्रितं तपासावीत.”

हिंदी हेरपट मात्र ते बघत नाहीत. “शाई पुरत नाही,” एवढंच म्हणतात.

त्यांच्याकडे एक जाडजूड वही आहे. तिच्या पहिल्या पानावर गणपतीखालोखाल एका मुलाला मान आहे. हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मधला, 1959 सालचा, निळ्या कपड्यातला मुलगा. माउंट रशमोरच्या उपाहारगृहात एव्हा मेरी सेंट पर्समधून पिस्तूल काढून केरी ग्रांटवर झाडते, तो प्रसंग. सगळं जग तिच्या हाताकडे बघत असतं. काका बघतात मागच्या टेबलाकडे. तिथला पोरगा गोळी सुटायच्या आधीच कानात बोटं घालून बसलेला आहे! आधीच्या टेकांमध्ये बिचाऱ्याच्या कानठळ्या बसल्या असणार, आता पुन्हा कधी ‘ठो’ होणार ते त्याला पाठ झालं होतं.

“बघ, बघ!” पॉज. मागे. पुन्हा पॉज. “अमेरिकेच्या हेरखात्याला पत्ता नाही, शत्रूच्या टोळीला पत्ता नाही, आणि या कार्ट्याला सगळं ठाऊक. खरा हेर हा!”

“अहो, पण तो मरतो का?” काकूंनी आतून विचारलं.

“कोण?” काका म्हणाले.

काकू या संसारात एका विशिष्ट दुःखात आहेत. त्यांना गोष्ट हवी असते. काका निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकही हेरपट सलग पाहिलेला नाही. बाँब फुटायला तीन सेकंद उरलेले असताना त्या भाजी निवडायला घेतात, कारण ते तीन सेकंद संपेपर्यंत मेथीची अख्खी जुडी होते हे अनुभवाने त्यांना कळलंय. ‘गोल्डफिंगर’च्या वेळी तर कुकरच्या शिट्या झाल्या. 1964 चा हा बाँडपट. फोर्ट नॉक्सच्या सोन्याच्या तिजोरीत अणुबाँब लावलेला, घड्याळ उलटं पळतंय, आणि ते थांबतं नेमकं 007 वर, बाँडच्या क्रमांकावर. टाळ्या. मग शॉन कॉनरी म्हणतो, आणखी तीन टिकटिक झाल्या असत्या तर खलनायकाचं फावलं असतं. काकांनी पॉज दाबून त्या आकड्यासमोर बोट धरलं. “तीन? सात दिसतायत ना तुला? आधी घड्याळ तीनवर थांबायचं होतं. नंतर कुणाला तरी सातची हौस आली, आकडा बदलला, संवाद तसाच राहिला. मथळा बदलला आणि मजकूर राहिला, असला प्रकार आमच्याकडे झाला असता तर फोरमनने कान उपटला असता.”

त्याच सिनेमात अंगभर सोनेरी रंग फासल्याने एक तरुणी मरते. त्वचेचा श्वास कोंडला म्हणून, असं बाँड गंभीर चेहऱ्याने समजावतो. या वाक्यावर वहीत एक तांबडा शेरा आहे: ‘त्वचेतून श्वास घेतो तो बेडूक.’ माणूस नाकातोंडाने घेतो. अंगभर रंग राहिला तर घाम अडून शरीर तापेल, ते धोक्याचंच, पण गुदमरून कुणी मरत नाही. पडद्यामागचीही एक नोंद शेजारी आहे, आणि ती लिहिताना काकांचं अक्षर थोडं मऊ झालंय. बाँडच्या दोन तंगड्यांच्या दिशेने सरकणारा तो लेझरचा किरण खोटा, नंतर फिल्मवर चढवलेला. धातूचं टेबल मात्र खरोखर कापलं जात होतं. खाली एक तंत्रज्ञ दडून बसला होता आणि तो गॅसच्या ज्योतीने ते कापत वर येत होता. म्हणजे कॉनरीच्या चेहऱ्यावरचा घाम अभिनयाचा नसावा, असा काकांचा कयास.

मोटारींच्या पाठलागात काकांना रस नाही. अपवाद एकच, 1971 चा ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’. बाँडची मस्टँग एका बाजूच्या दोन चाकांवर तिरकी होऊन अरुंद बोळात शिरते आणि बोळातून बाहेर येते ती दुसऱ्या बाजूच्या दोन चाकांवर. चूक निर्मात्यांच्याही लक्षात आली. म्हणून मध्ये एक शॉट घुसडला, त्यात गाडी बोळातच कूस बदलते. “ठिगळ लावलं,” काका म्हणतात. “पण बोळ केवढा, गाडी केवढी!”

भारतात घडणारे हेरपट लागले की मात्र काका धोतर खोचल्यासारखे बसतात. ‘ऑक्टोपसी’ला आमच्याकडे रविवारची दुपार जाते. 1983 चा सिनेमा, रॉजर मूर तेव्हा पंचावन्न वर्षांचे, उदयपूरच्या सरोवरातला महाल, पगडी घातलेले कबीर बेदी, आणि टेनिसपटू विजय अमृतराज चक्क गुप्तहेराच्या भूमिकेत, रॅकेटने गुंडांना बडवणारे. हेलिकॉप्टरने उदयपूरला निघालेला बाँड वाटेत ताजमहालावरून जातो. पॉज. आग्रा ते उदयपूर सरळ रेषेतही पाचशे किलोमीटरहून जास्त. “पायलटला डिझेल स्वस्त होतं वाटतं,” काका म्हणतात. हेलिकॉप्टर डिझेलवर उडत नाही हे त्यांना सांगायची आमची छाती नाही.

पण त्यांचा खरा आक्षेप पुढे आहे. बाँड घाटावर उतरतो, तिथे अमृतराज गारुड्याच्या वेषात पुंगी वाजवत बसलेले. ओळख पटावी म्हणून ते वाजवतात काय, तर बाँडपटाचं पार्श्वसंगीत!

“हे त्याला कुणी शिकवलं?” काका उठून उभे राहतात. “ते संगीत आपल्याला ऐकू येतं. प्रेक्षकांना. बाँडला स्वतःला ते ऐकू येतं का? येत असेल तर त्याच्या मागून शत्रू आला की त्याला सूर बदललेले कळत असणार. मग तो दचकतो कशाला?”

यावर आजवर कुणालाही उत्तर देता आलेलं नाही. माझ्या मते ही वहीतली सर्वांत थोर नोंद आहे. पुढच्या पाठलागात उडणाऱ्या रिक्षेबद्दल मात्र ते काही बोलत नाहीत. परदेशी पाहुणा, बरोबर सामान नाही, आणि रिक्षा लगेच निघाली, एवढ्यावरच त्यांनी तो प्रसंग कल्पित म्हणून सोडून दिलाय.

‘मिशन इम्पॉसिबल’ची चौथी खेप, 2011 ची ‘घोस्ट प्रोटोकॉल’, ही तर घरचीच जखम. शेवटची सगळी धावपळ मुंबईत. टीव्ही केंद्राची इमारत म्हणून दिसते ती बंगळुरूतल्या सन नेटवर्कच्या कचेरीची. ज्या बहुमजली यांत्रिक वाहनतळात टॉम क्रूझ खाली-वर आपटत मारामारी करतो, तो उभारला होता कॅनडात, व्हँकूव्हरला. त्याच सिनेमातलं मॉस्कोचं क्रेमलिन म्हणजे प्राग शहरातला किल्ला. काकांचा आक्षेप यांतल्या कशालाच नाही. “सेट लावतात, लावू देत. पण मुंबईत गाडी लावायला रिकामा वाहनतळ सापडला, हे एका वाक्याने तरी समजावायला नको?”

याच मालिकेतल्या 2018 च्या ‘फॉलआउट’चा शेवट सियाचीनजवळ घडतो. हेलिकॉप्टरं उडतात न्यूझीलंडवर, कड्यावरची लोंबकळ होते नॉर्वेतल्या प्रेइकेस्तोलनवर, खालच्या पाण्यापासून 604 मीटरवर. एका मारामारीला दोन देश लागले आणि नाव तिसऱ्याचं. याही पानावर तांबडं आहे, पण त्याच्या खाली काकांनी निळ्या शाईने लिहिलंय, आणि निळी शाई त्यांच्याकडे आदराची. लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना क्रूझचा घोटा खरोखर मोडला. तरी तो काठ धरून वर चढला आणि लंगडत कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेला. तोच शॉट सिनेमात ठेवलाय. चित्रीकरण कित्येक आठवडे थांबलं. “हा माणूस आमच्या छापखान्यातला वाटतो,” काका म्हणाले. यापेक्षा मोठी पदवी त्यांच्या कोशात नाही.

या सगळ्या शोधयात्रेत त्यांचं एक दैवत आहे. जेफ्री बूथरॉइड, ग्लासगोचा शस्त्रांचा जाणकार. त्याने 1956 मध्ये इयन फ्लेमिंगला पत्र लिहून कळवलं, की तुमच्या बाँडच्या हातातली बेरेटा ही बायकांची बंदूक आहे, शोभत नाही. फ्लेमिंगने ते मनावर घेतलं. 1958 च्या ‘डॉक्टर नो’ कादंबरीत बाँडची बेरेटा काढून घेतली, हाती वॉल्थर पीपीके दिली, आणि ती देणाऱ्या शस्त्रतज्ज्ञाचं नावच मेजर बूथरॉइड ठेवलं. चूक दाखवणाऱ्याला लेखकाने थेट कादंबरीत नोकरी दिली! हे सांगताना काकांचा गळा दाटतो. पण गंमत पुढे आहे. फ्लेमिंगने त्या पत्रातूनच एक म्यानही उचललं, आणि ते होतं रिव्हॉल्व्हरचं. पीपीके त्यात बसत नाही. चूक दुरुस्त करताना नवी चूक जन्माला आली. एकदा मुद्रितं तपासली की पुन्हा तपासावी लागतात, ते का, हे यावरून कळावं. आणि ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या प्रसिद्धीसाठी कॉनरीची छायाचित्रं काढायची वेळ आली तेव्हा ती गाजलेली पीपीके आणायलाच मंडळी विसरली. छायाचित्रकाराकडे स्वतःचं एक लांब नळीचं छर्‍याचं पिस्तूल होतं, ते बाँडच्या हातात दिलं. जगभरच्या भिंतींवर ज्या पिस्तुलाला लोक घाबरले, त्याने जत्रेतले फुगे फुटले असते.

बूथरॉइडच्या उदाहरणाने हुरूप येऊन काकांनीही परदेशी पत्रं धाडली. उत्तर एकाचंही नाही. टपालखर्चाची नोंद मात्र वहीच्या शेवटच्या पानावर आहे, बेरजेसकट.

आणि मग 2015 चा ‘स्पेक्टर’ आला. सुरुवातीलाच मेक्सिको सिटीत ‘मृतांच्या दिवसा’ची प्रचंड मिरवणूक, हाडाचे सापळे, फुलं, हजारो माणसं. काकांनी चौकशी केली आणि आनंदाने ओरडले. तिथे त्या दिवशी लोक स्मशानात जातात, घरात पूर्वजांसाठी वेदी मांडतात, पण असली मिरवणूक राजधानीत निघतच नव्हती! शुद्ध बनावट. नोंद झाली, खाली दोन रेघा ओढल्या. पुढच्याच वर्षी, 2016 मध्ये, मेक्सिको सिटीने सिनेमावरून खरोखरची मिरवणूक सुरू केली आणि ती दरवर्षी निघू लागली.

काका आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. छापखान्याच्या सगळ्या हयातीत असं कधी झालं नव्हतं, की चूक तशीच राहिली आणि जग तिच्याबरहुकूम दुरुस्त झालं. नोंद खोडावी, तर सिनेमा काढला तेव्हा ती चूक होतीच. ठेवावी, तर आज मेक्सिकोचा कुणीही माणूस येऊन म्हणेल, काका, आमच्याकडे निघते की मिरवणूक. मी सुचवलं, तारीख घालून ठेवा. “तारीख घातलेली चूक म्हणजे इतिहास,” ते वैतागून म्हणाले, “आणि इतिहासाची मुद्रितं मी तपासत नाही.” शेवटी काकूंनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, मग आता हा सिनेमा न थांबवता बघू या. काकांनी मान्य केलं. काही वेळ दम धरला, पण रोम आल्यावर तिथल्या रस्त्यांवर वाहतूक का दिसत नाही हे विचारायला पॉज दाबलाच.

तेव्हा वाचकांना विनंती इतकीच. एकही चूक नसलेला हेरपट तुमच्या पाहण्यात आला, तर त्याचं नाव कृपया आमच्या मजल्यावर कळवू नका. काकूंना कळवा. त्यांना बघायचाय.