घराची पट्टी कुठंय?

हिंगोलीच्या हळद मार्केटात ढीग लागतो, बोली होते, काटा होतो आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो. हिशोबपट्टी. किती कट्टे, वजन किती, क्विंटलला भाव काय, हमाली किती, तोलाई किती, हाती किती. एक रुपया जास्त कापला तर आमचा माणूस तिथंच काट्याजवळ उभा राहून भांडतो. बरोबरच करतो.

मग तोच माणूस त्या हळदीच्या पैशातून घर बांधतो. स्लॅब पडतो, प्लास्टर होतं आणि इंटिरियरवाला येतो. आठ लाख रुपये जातात. हातात काय येतं? मोबाइलवरची पाच रंगीत चित्रं आणि एका ओळीचा आकडा: 'संपूर्ण इंटिरियर, आठ लाख.' त्यात लाकडाचे किती, मजुरीचे किती, डिझायनरचे स्वतःचे किती, काही नाही. हमालीच्या चार रुपयांवर भांडणारा माणूस आठ लाखांवर मान डोलावतो.

माझं या आठवड्याचं म्हणणं एवढंच आहे. घराची पट्टी मागा. आणि डिझायनर मंडळींनो, मागायच्या आधी द्या.

आता एका पाटीकडे वळू. 'डिझाइन फ्री.' हिंगोलीत, वसमतला, नांदेडच्या रस्त्यावर ही पाटी दिसते. ही पाटी खोटी आहे. चार दिवस मोजमाप, आठ दिवस ड्रॉइंग, पंधरा-वीस चकरा हे कुणी फुकट करत नाही, आणि करूही नये. त्या कष्टाचे पैसे तुम्हीच देता. फक्त ते समोरच्या दाराने न जाता दुकानाच्या मागच्या दाराने जातात.

कसे ते बघा. समजा, घराला प्लायवूडच्या ४० शीट लागल्या. आठ बाय चारची एक शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे १,२८० चौरस फूट झाले. दुकानदारानं फुटामागं १५ रुपये डिझायनरच्या नावानं बाजूला ठेवले तर १९,२०० रुपये एकट्या प्लायवूडवर निघाले. मग सनमायका, बिजागऱ्या, किचनच्या ट्रॉल्या, दिवे, पडदे, टाइल. प्रत्येक दुकानाचा टक्का वेगळा. 'फुकट' डिझाइन फी घेणाऱ्यापेक्षा महाग पडतं, आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

पैसे गेले तर माणूस पुन्हा कमावतो. मला राग येतो तो सल्ला विकला जातो याचा. तुम्ही ज्याला विचारता 'कोणतं लाकूड चांगलं?', तो मनातल्या मनात 'कोणत्या दुकानाचा टक्का चांगला?' याचं उत्तर काढतोय. तुमच्या घरात उभा राहून तो दुकानाचा माणूस झालेला असतो.

माझ्या बहिणीच्या घरी हेच झालं. सिंकखालचं कपाट दुसऱ्या पावसाळ्यात फुगलं. दार लागेना, मग खालची पट्टी हातात आली. बिलात 'मरीन प्लाय' लिहिलेलं होतं. मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो. सुतारानं कपाट खोलून फळी उलटी केली, तर शिक्काच नव्हता. ज्यानं ते निवडलं त्याला विचारलं तर म्हणाला, दुकानाला विचारा. दुकान म्हणालं, तुमच्या डिझायनरनंच हा माल काढायला सांगितला. बहीण मधल्या मधे. भांडणार कुणाशी, हातात कागद एकच होता आणि त्यावर एकच आकडा.

पण दोष सगळा एकाच बाजूला टाकून मी मोकळा होणार नाही. टक्क्याची ही चाल आपण ग्राहकांनीच पोसली आहे. एखाद्या पोरानं सरळ सांगितलं, 'काका, माझी फी साठ हजार,' की आपली उत्तरं ठरलेली. 'नुसत्या कागदाचे साठ हजार?' 'आमचा सुतार फुकट करून देतो.' त्याच्याकडून थ्रीडी काढून घ्यायचं, मोबाइलवर घ्यायचं, 'घरी विचारून सांगतो' म्हणायचं आणि ते चित्र थेट सुताराच्या हातात द्यायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी दोनदा पाहिलंय. याला चोरी म्हणतात, दुसरा शब्द नाही. अशा गावात सरळ वागणारा पोरगा किती दिवस सरळ राहील? त्यालाही भाडं आहे, कॉम्प्युटरचा हप्ता आहे. तीन घरांनी बुडवलं की चौथ्या घरात तो दुकानाचा टक्का धरतो.

नरसी हे आपल्याच जिल्ह्यातलं गाव, नामदेव महाराजांचं, आणि महाराज शिंप्याच्या घरचे. शिंप्याचा हिशोब आपल्या आजोबांना समजत होता. कापड माझं, माप माझं, शिलाई त्याची. शिलाई आधी ठरायची. समजा, शिंप्यानं कापडाच्या दुकानातून गुपचूप वाटा घेतला असता, तर सव्वादोन मीटरच्या सदऱ्याला त्यानं तीन मीटर आणायला लावले असते. सुताराचं बलुतंही खळ्यावर, चारचौघांत मोजलं जायचं. त्या बलुतेदारीत जातीचा काच होता आणि ती गेली ते चांगलंच झालं. पण कुणाला कशाबद्दल किती मिळालं, हे गावाला माहीत असायचं. तेवढं एक जपायला हवं होतं.

कायदा काय म्हणतो? आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, दिल्लीत त्यांची परिषद आहे, आणि १९८९ पासून त्यांच्या वर्तनाचे नियम आहेत. कामाच्या अटी आणि शुल्क ग्राहकाला सांगायचं, काम किंवा ग्राहक मिळवण्यासाठी कमिशन, भेटवस्तू द्यायच्या-घ्यायच्या नाहीत, हे त्यात आहे. मोडलं तर परिषदेकडे तक्रार करता येते. इंटिरियर डिझायनरसाठी असा कायदाच नाही. पाटी कुणीही लावू शकतो. काल प्लायवूडच्या दुकानात बसणारा आज 'इंटिरियर डिझायनर' होतो आणि त्याला कुणी विचारू शकत नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संस्थाही १९७२ चीच, तिच्या सदस्यांसाठी आचारसंहिता आहे. पण सदस्य होणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. जो सदस्यच नाही त्याला ती संहिता काय करणार? सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये सांगून टाकलं की १९७२ च्या कायद्यानं 'आर्किटेक्ट' ही पदवी राखलेली आहे, ते काम करण्यावर बंदी घातलेली नाही. घर आखण्याचीच ही गत, तर घर सजवण्याला कोण अडवणार?

म्हणून कागद. दुसरं काही हातात नाही.

ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा तुमच्या कामाचा आहे. सेवेत खोट निघाली तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं, मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर. पाच लाखांपर्यंत तक्रारीची फीसुद्धा नाही. मुदत दोन वर्षांची. पण तिथं गेल्यावर पहिला प्रश्न येतो: ठरलं काय होतं? व्हॉट्सअ‍ॅपवरचं चित्र दाखवणार? त्यात प्लायवूड कोणतं ते दिसत नाही.

आणि ते नेहमीचं वाक्य: 'बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वेगळे.' हे ऐकलं की उठून या. ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्यानं बिल द्यायचंच असतं, ते तुमच्या आवडीनिवडीवर नाही. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटीच्या नावानं एक रुपया घेता येत नाही. नंबर मागा, मोबाइलवर तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

फी घ्यायची कशी, यावर माझं मत ठाम आहे. कामाच्या खर्चावर टक्का घेण्याची पद्धत जगभर चालते, मोठ्या कामांत तिला अर्थही आहे. आपल्या गावातल्या घराला ती घातक आहे. खर्च वाढला की फी वाढते. बैठकीच्या खोलीला फॉल सिलिंग नको, उंची आधीच कमी आहे, असं सांगणारा डिझायनर टक्क्यावर असेल तर स्वतःचीच फी कापतो. किती जण कापतील? ठोक फी घ्या किंवा चौरस फुटावर घ्या, पण आकडा आधी सांगा आणि तो प्लायवूडच्या भावाशी बांधू नका. 'साहित्यासह' काम घेणाऱ्यालाही माझी ना नाही. तो ठेकेदार आहे, त्यानं मालावर नफा ठेवावा. पण मग त्यानं ठेकेदार म्हणून यावं, तुमचा सल्लागार म्हणून नाही.

फी द्यायची ती कशाची, हे मात्र समजून घ्या. चित्राची नाही. डोक्याची.

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीचे कट्टे भाव येईपर्यंत घरात थांबतात, कधी महिने, कधी वर्ष. ज्या घरात हळद थांबते त्या घरात कोरडी, हवेशीर, भिंतीपासून सुटी जागा लागते. आमच्याकडे किती डिझायनरांनी मालकाला विचारलं असेल, 'हळद कुठं ठेवता?' पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचं चित्र उचलायचं आणि कळमनुरीच्या घराला चिकटवायचं. टीव्हीमागं दगडाची नक्षी, वर निळे दिवे, आणि कट्टे जिन्याखाली, ओलीत.

काळ्या मातीत वाळवी येते. भिंतीला टेकवून कपाट बसवायच्या आधी जमिनीला औषध मारलं का, हे विचारणं डिझायनरचं काम. बोअरचं पाणी क्षारांचं, चकचकीत नळ वर्षभरात पांढरे पडतात, हे आधी सांगणं त्याचं काम. मे महिन्यात स्लॅब तापतो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला काच लावू नका, असं सांगणं त्याचं काम. आपली जुनी माळवदाची घरं आठवा. जाड भिंती, छोट्या खिडक्या, खणांत मोजलेल्या खोल्या, आणि मेच्या दुपारी आत गारवा. ती घरं कुणी मासिकातून उतरवली नव्हती. बांधणाऱ्याला इथलं ऊन माहीत होतं. एकादशीला नरसीला निघालेली चार माणसं मुक्कामाला आली तर झोपतील कुठं, हाही घराच्याच आखणीतला प्रश्न. हे सगळं विचारणाऱ्या माणसाला साठ हजार जास्त नाहीत. हे न विचारणाऱ्याला फुकटातही घेऊ नका.

तर पट्टीत काय हवं? डिझायनरची फी, आकड्यात, आणि ती कोणत्या टप्प्याला किती. चकरा किती, जास्तीच्या चकरेचे किती. प्लायवूडचा प्रकार आणि आयएस नंबर. माल मालक घेणार की डिझायनर, आणि दुकानाचं बिल कुणाच्या नावानं. काम मधेच थांबलं तर कुणी कुणाला काय द्यायचं. ड्रॉइंग कुणाचं. आणि एक ओळ, जी लिहिताना पुष्कळांचा पेन अडेल: दुकानाकडून, सुताराकडून, कुणाकडूनही मला काही मिळणार असेल तर ते मी मालकाला सांगेन.

गेल्या वर्षी आमच्या एका दाजींनी घर काढलं. मी त्यांना म्हटलं, ही शेवटची ओळ लिहून घ्या. डिझायनर तिशीच्या आतला, वसमतकडचा. त्यानं कागद वाचला, बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, ही ओळ लिहिली तर माझी फी वाढते. आतापर्यंत मी पंचवीस हजार सांगायलो, कारण बाकीचं दुकानातून निघतं. सरळ करायचं तर पंचावन्न होतील."

दाजी माझ्याकडं बघायला लागले. तीस हजारांचा फरक होता. त्यांनी मार्केटची जुनी पट्टी काढली, पाकिटातच होती, आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडला. ४० शीट, ट्रॉल्या, दिवे. दुकानातून थेट, स्वतःच्या नावानं घेतलं तर काय भाव लागेल ते तिथूनच दोन फोन करून विचारलं. फरक तीस हजारांच्या वर गेला.

"पंचावन्न लिही," दाजी म्हणाले.

पोरानं लिहिलं, सही केली. मग कागदाची घडी घालता घालता थांबला आणि त्यानं विचारलं, "काका, हळदीचे कट्टे किती असतात घरात, साधारण?"